गान्याची दोन बोटं

गंगापूर रोडवरच्या एखाद्या घरात 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर थोरली बहीण आणि धाकटा भाऊ शेजारीशेजारी बसले, की पहिली कुरबूर कोपरांची होते. पूर्ण पियानोला 88 पट्ट्या, तिथे जरा ऐसपैस बसता येतं. खरी अडचण मात्र वेगळीच. ताईच्या पियानोच्या तीन परीक्षा झालेल्या, भावाला जेमतेम पाच सूर येतात. दोघांनी मिळून वाजवायचं काय?

युरोपातल्या थोर संगीतकारांनी या प्रश्नावर मन लावून काम केलं आहे. हायडनने 'गुरू आणि शिष्य' नावाची रचना केली. त्यात डावीकडे बसलेले गुरुजी एक ओळ वाजवतात, उजवीकडचा शिष्य तीच ओळ वरच्या सप्तकात वाजवतो. आपल्याकडची तालीम अशीच चालते, म्हणून मराठी कानाला ही रचना लगेच ओळखीची वाटते. शूबर्ट 1818 आणि 1824 च्या उन्हाळ्यात एस्टरहाझी घराण्यातल्या मुलींना शिकवायला झेलिझ या त्यांच्या गावी राहिला. पुढे 1828 मध्ये चार हातांसाठी लिहिलेली एफ मायनर फँटसी त्याने त्यांतल्या कॅरोलिनला अर्पण केली. डियाबेलीने तर नवशिक्याचा हात हलूच दिला नाही. पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवायची, बाकीचा सगळा भार शेजारच्यावर.

पण सगळ्यांत लोभस गोष्ट गान्याची. अलेक्झांडर बोरोदिन हे सेंट पीटर्सबर्गमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि मोठे संगीतकार. त्यांनी सांभाळलेल्या या मुलीने एकदा हट्ट धरला, की आपण दोघांनी मिळून वाजवू या. तुला वाजवता येत नाही, असं त्यांनी सांगताच तिने दोन्ही हातांच्या एकेका बोटाने एक इवलीशी चाल वाजवून दाखवली. बोरोदिननी त्या चालीखाली तिथल्या तिथे एक पोल्का रचला. मग रिम्स्की-कोर्साकोव, क्यूई आणि ल्यादोव या मित्रांनाही चेव आला आणि 1879 मध्ये 'पॅराफ्रेझेस' हा संग्रह छापून निघाला. त्यात मुलाने दोन बोटांनी तेच वाजवत राहायचं, आणि खालची साथ कधी मझुर्का होते, कधी शवयात्रेचं संचलन, कधी फ्यूग. लिस्टला हा संग्रह इतका आवडला की त्याने स्वतःचीही एक छोटी रचना त्यात घातली.

रावेलने 'मदर गूज' हे चार हातांचं संगीत गोदेब्स्की कुटुंबातल्या मिमी आणि जाँ या भावंडांसाठी लिहिलं. ते त्यांना अवघड गेलं. 20 एप्रिल 1910 रोजी पॅरिसमध्ये ते पहिल्यांदा वाजवलं ते दुसऱ्याच दोन मुलींनी. स्ट्राविन्स्की यात जास्त व्यवहारी ठरला. 1915 पर्यंत लिहिलेल्या तीन तुकड्यांत त्याने डावी बाजू सोपी ठेवली. 1917 च्या पाच तुकड्यांत मात्र उजवी, कारण ते त्याच्या थिओडोर आणि मिका या मुलांसाठी होते.

आज ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या सुरुवातीच्या ग्रेडना बसणाऱ्या मुलाला परीक्षेत एक ड्युएट निवडता येतं. तेव्हा डावीकडच्या खुर्चीत सहसा शिक्षक बसतात. पेडलही बहुधा त्यांच्याच पायाखाली असतं, कारण मुलाचा पाय अजून तिथवर पोचत नाही.