कुजवलेले मत : मुंबई शहर उत्तर, १९५२

पहिल्या लोकसभा निवडणुकीत डॉ. आंबेडकर मुंबईत हरले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पराभवाचा एक धागा तेव्हाच्या मतदानपद्धतीत सापडतो.

मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ द्विसदस्यीय होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर एक बाद होई. यालाच ‘मत कुजवणे’ म्हणत.

काँग्रेसचे नारायण काजरोळकर बाबासाहेबांपेक्षा १४,५६१ मतांनी पुढे राहिले. बाद मते होती ७४,३३३. त्यांतले पाचांत एक मत बाबासाहेबांच्या पेटीत पडते आणि बाकीची बादच राहती, तरी निकाल फिरला असता. कम्युनिस्टांनी डांग्यांसाठी मते कुजवायला लावली, अशी बाबासाहेब व त्यांचे समाजवादी सहकारी अशोक मेहता यांची तक्रार होती. त्यांचा निवडणूक अर्ज फेटाळला गेला.

१९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबई शहर मध्यमधून डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने जोडीने निवडून आले. पाच वर्षांपूर्वी कुजलेले दुसरे मत आता जोडीदाराच्या कामी आले होते. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. १९६१च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच संपले.