पहिला झाला; दुसरा केव्हा?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अमेरिकेवर एक पान हमखास असते. पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, वगैरे. परीक्षेपुरते ते ठीक. मला मात्र प्रत्येक ‘पहिल्या’नंतर दुसरा केव्हा आला, हे शोधण्याची खोड आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. खोडीचे मूळ बहुधा तेथेच असावे.

कधी दुसरा लवकर येतो. जेनेट रँकिन या १९१६ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री. दुसऱ्या ॲलिस रॉबर्टसन १९२१ मध्ये आल्या. गंमत म्हणजे, या बाईंचा स्त्रियांच्या मताधिकारालाच विरोध होता!

हायरम रेव्हेल्स यांची हकीकत निराळी. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली संपली, आणि १८७० मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला सिनेटवर पाठवले. (तेव्हा सिनेटर जनता थेट निवडत नसे.) विरोधकांची हरकत मोठी मासलेवाईक होती. सिनेटरला नऊ वर्षांचे नागरिकत्व हवे. पण १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिक मानलेच नव्हते, तेव्हा यांची नऊ वर्षे भरणार कशी? रेव्हेल्स तर जन्मापासून स्वतंत्र होते. अखेर ४८ विरुद्ध ८ मतांनी त्यांना आसन मिळाले. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, ते यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ साली.

दुसरे ब्लँच ब्रूस, तेही मिसिसिपीचेच. गुलाम म्हणून जन्मलेल्या या गृहस्थाने १८७५ ते १८८१ अशी पूर्ण मुदत सिनेटमध्ये काढली.

आणि तिसरा? त्यासाठी ८६ वर्षे जावी लागली. १८७७ साली केंद्र सरकारने दक्षिणेतील सैन्याचा पाठिंबा काढून घेतला. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. मत द्यायचे तर दोन डॉलर कर भरा, शिवाय घटनेतील एखादे कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी! त्या कायद्यात ‘काळा’ हा शब्द घालण्याची गरजच पडली नाही. मतदारयाद्यांतून कृष्णवर्णीयांची नावे गळाली. या युक्त्यांना जबर धक्का दिला तो १९६५ च्या मताधिकार कायद्याने.

१९६७ साली सिनेटमध्ये बसलेले तिसरे सभासद एडवर्ड ब्रूक लोकांच्या थेट मतांनी निवडून आले होते. पण ते मिसिसिपीतून नव्हे, दूर उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधून.