करी रोड परिसरातील बी. डी. डी. चाळी : निवासाचे एकक

मुंबईच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे मिळून २०७ इमारती उभारल्या. पैकी ३२ करी रोड स्थानकाच्या पश्चिमेस, आजच्या ना. म. जोशी मार्गावर होत्या. इमारतीत चार मजल्यांवर ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मात्र मजल्याचे सामाईक. खात्याने खोली हेच घर मानले.

प्रत्यक्ष व्यवहार निराळा होता. कोकणातून वा घाटावरून आलेला गिरणी-कामगार बहुधा कुटुंब गावीच ठेवी. एका खोलीत एकाच गावचे अनेक गडी राहत. रात्रपाळीचा परतला की दिवसपाळीचा वळकटी गुंडाळून निघे. जेवण खानावळीत. पुढे बायकामुले आली, तेव्हा पुरुषांची अंथरुणे खोल्यांमधल्या व्हरांड्यात गेली. गप्पा, भजन आणि भांडणेही तेथेच. तेव्हा निवासाचे खरे एकक खोली नसून मजला होय.

पुनर्विकासात भाडेकरूस ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. जागा तिपटीहून अधिक, संडास स्वतंत्र. सामाईक नळावर आयुष्य काढलेल्या स्त्रीपुढे व्हरांड्याचे गोडवे गाणे अशिष्टच. तरीही मोजणी पुन्हा खोलीचीच झाली आहे आणि व्हरांडा तिच्यात धरलेला नाही.