माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कारकीर्द

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कारकीर्द म्हणजे संगणकप्रणाली तयार करणे, तपासणे, चालती ठेवणे आणि तिच्या आधारे इतर व्यवसायांना सेवा पुरविणे या कामांतून घडणारा व्यावसायिक जीवनक्रम होय. बोलण्यात या सर्वांना ‘आयटीतली नोकरी’ असे सरसकट म्हटले जाते. ही संज्ञा सैल आहे. बँकेच्या व्यवहारांची आज्ञावली लिहिणारा अभियंता, रुग्णालयाचे संगणकजाल सांभाळणारा तंत्रज्ञ आणि परदेशी ग्राहकाची तक्रार नोंदविणारा सहायक हे तिघेही तिच्यात मोडतात. मात्र तिघांचे शिक्षण, वेतन आणि बढतीची वाट एकमेकांहून फार भिन्न असते. प्रस्तुत लेख मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थितीविषयी आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली, तेव्हा संगणकशास्त्राची पदवी देणारी महाविद्यालये जवळपास नव्हतीच. गणित आणि विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधरांना घेऊन कंपन्यांनी त्यांना स्वतःच शिकविले. इन्फोसिसचा प्रारंभ १९८१ मध्ये पुण्यात झाला आणि १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तेथे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. पुढे इ.स. २००० च्या वर्षबदलाच्या दुरुस्तीकामांनी भारतीय कंपन्यांना परदेशात मोठा ग्राहकवर्ग मिळवून दिला आणि हिंजवडीसारखी गावे उद्योगनगरी बनली.

आधी भरती आणि मग प्रशिक्षण हा सुरुवातीचा प्रघात आजही टिकून आहे. यंत्र किंवा स्थापत्य शाखेचा पदवीधर आज्ञावली लिहिताना दिसतो तो यामुळेच.

शिक्षणाचे मार्ग

बारावीनंतर राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे अभियांत्रिकी पदवी हा सर्वांत परिचित मार्ग होय. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. खर्चाचा विचार करता अनेक कुटुंबांना हा मार्ग अधिक सोयीचा वाटतो, परंतु त्याची माहिती शाळांमधून फारशी दिली जात नाही. बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा बीसीए करून पुढे एमसीए करणारेही बरेच असतात. एमसीएचा कालावधी २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. पदवीनंतर सी-डॅकचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा असून त्याचा प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो.

एमएस-सीआयटीविषयी मात्र गैरसमज आढळतो. शासकीय नोकरीसाठी उपयोगी पडणारा हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे; त्याच्या आधारे सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी मिळत नाही.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांची अडचण बहुधा संगणकाच्या भाषेची नसते. पायथनमध्ये राखीव शब्द जेमतेम ३५ आहेत. ते पाठ करणे कोणालाही जड नाही. अडते ते दोन ठिकाणी: प्रणालीची लांबलचक इंग्रजी माहितीपुस्तिका वाचताना आणि मुलाखतीत आपण केलेले काम सांगताना. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतही पाठ उपलब्ध आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली असून तीत मराठीचा समावेश आहे. शिक्षण मराठीतून झाले तरी कामाचा पत्रव्यवहार इंग्रजीतूनच होतो, हे ध्यानात घ्यावे लागते.

नोकरीतील प्रवेश

महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्या सामान्यतः अंकगणित व तर्क यांची चाचणी, आज्ञावली लेखन, तांत्रिक मुलाखत आणि शेवटी मनुष्यबळ विभागाची मुलाखत अशा क्रमाने निवड करतात. निवडीचे पत्र मिळणे आणि कामावर रुजू होणे यांत काही वेळा कित्येक महिने जातात. या काळात कुटुंबाने शैक्षणिक कर्ज काढलेले असल्यास ताण मोठा असतो, आणि फसवणूक करणाऱ्यांना नेमकी हीच संधी साधते. नोकरीसाठी अनामत रक्कम मागणारी कंपनी संशयास्पद समजावी.

खोट्या अनुभवाची प्रमाणपत्रे विकणाऱ्यांचा धंदाही याच अगतिकतेवर चालतो. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो आणि त्यावर आधीच्या मालकांची नोंद राहते. त्यामुळे दाखविलेला अनुभव पडताळणे सोपे झाले असून, नोकरी लागल्यानंतरही असे प्रकरण उघडकीस येऊन कामावरून काढले जाऊ शकते.

काही कंपन्या ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्र लिहून घेतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल वाजवी भरपाई मिळते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, आपोआप देय होणारा दंड नव्हे. मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवून घेण्याची अट असल्यास सही करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे इष्ट ठरते.

कामाचे स्वरूप

सेवा देणाऱ्या कंपन्या परदेशी ग्राहकाचे काम करून त्याचे देयक पुष्कळदा मनुष्यतासांवर आकारतात. ज्याला ग्राहकाचे काम नाही तो ‘बेंचवर’ असतो. वेतन चालू राहते, पण मुक्काम लांबल्यास नोकरी धोक्यात येते. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या कंपन्यांत निवड कठीण आणि वेतन जास्त असते. नवोदितांचा पुष्कळसा वेळ नवे काही घडविण्यात नव्हे, तर इतरांनी लिहिलेल्या जुन्या प्रणालीची दुरुस्ती करण्यात जातो. हे काम कंटाळवाणे समजले जाते, तथापि विमा किंवा बँक व्यवसायाचे ज्ञान त्यातूनच येते, आणि पुढे अनुभवी माणसाला भाव मिळतो तो पुष्कळदा या ज्ञानामुळे. काही वर्षांनी वाट दुभंगते: एक फाटा व्यवस्थापनाकडे जातो, दुसरा प्रणालीची रचना ठरविणाऱ्या तज्ज्ञपदाकडे. अमेरिकेतील एच-१बी परवाना सामान्यतः कमाल सहा वर्षांचा असल्याने तेथील नेमणूक कायमची धरून चालता येत नाही.

मोठ्या सेवा कंपन्यांतील प्रारंभिक वेतन दीर्घकाळ वर्षाला तीन ते चार लाखांच्या आसपास रेंगाळले आहे. त्याच काळात महागाई मात्र वाढत गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून लहान आज्ञावली व चाचण्या लिहिण्याची कामे, जी नवोदितांना शिकण्यासाठी दिली जात, यंत्राकडून करून घेता येऊ लागली आहेत. यंत्राने लिहिलेल्या आज्ञावलीतील चूक ओळखण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे, आणि त्यासाठी विदासंरचना, संगणकजाल व कार्यप्रणाली हे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विषय पक्के असावे लागतात.