हात अंगठ्याला टेकले, पण वाकलं काय?

पश्चिमोत्तानासनात हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोचले की आसन जमलं, असं आपण धरून चालतो. ते अंतर शरीराच्या कोणत्या भागाने कापलं, हे सहसा कुणी विचारत नाही. पुढे वाकणं खुब्याच्या सांध्यातून होतं, तसंच कमरेच्या मणक्यांतूनही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा अंगठा धरलेलाच दिसतो, पण एकात मांडीमागचे स्नायू काम करतात आणि दुसऱ्यात पाठ भरडली जाते. आसनं करणाऱ्या प्रत्येकाने स्नायूंची थोडी तरी ओळख करून घ्यावी आणि ती झाल्यावर ताणाइतकंच बळाकडे लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी हे एक आसन नीट पाहिलं तरी पुरे.

मांडीच्या मागे तीन स्नायू आहेत. त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. जमिनीवर बसून कुल्ल्याखाली तळहात सरकवला की एक टणक हाड हाताला लागतं. या स्नायूंची मुख्य सुरुवात तिथे आहे. तिथून ते मांडीमागून उतरतात आणि गुडघा ओलांडून नडगीच्या व तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या वरच्या टोकाशी चिकटतात. म्हणजे त्यांच्या वाटेत खुबा आणि गुडघा असे दोन सांधे येतात, आणि पाय ताठ ठेवून पुढे वाकलं की ते दोन्हीकडून ताणले जातात. हे लगेच पडताळता येतं. पाय पसरून बसा, कंबर पुढे झुकवा, मांडीमागे ओढ जाणवली की गुडघे चार बोटं उचला. ओढ सैल पडते आणि कंबर आणखी पुढे जाते. उलट गुडघे ताठ ठेवण्याचाच हट्ट धरला, तर आखडलेले स्नायू बैठकीचं हाड धरून ठेवतात, कमरेखालचा हाडांचा घेर मागे कलंडतो आणि उरलेलं अंतर पाठ गोल करून भरावं लागतं. मग मणक्यांमधल्या गाद्यांवर पुढच्या बाजूने दाब येतो आणि मागचे अस्थिबंध ताणले जातात. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी घडीची ब्लँकेटं, पट्टे आणि लाकडी ठोकळे आसनाभ्यासात रुजवले. कुल्ल्यांखाली ब्लँकेटची एक घडी आली तरी कमरेला पुढे झुकायला वाव मिळतो आणि पाठ वाचते.

आता स्नायू अडतो कशामुळे, ते पाहू. तो आखूड आहे, रोज ओढला की लांब होईल, ही सर्वांची समजूत. पण स्नायूच्या आत ताणाची खबर मज्जारज्जूला देणारे सूक्ष्म संवेदक असतात. हिसका देऊन वाकलं की स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने आकसतो. सावकाश, श्वास सोडत गेलं की ही प्रतिक्रिया सौम्य राहते. वेपलर आणि मॅग्नुसन या संशोधकांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा २०१० साली मांडला. काही आठवड्यांच्या सरावाने जी लवचिकता वाढते, ती बहुतांशी स्नायू लांबल्यामुळे नसून ताण सोसण्याची मर्यादा वाढल्यामुळे असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अडवणूक करते ती मुख्यतः मज्जासंस्था, आणि तिचा सावधपणा मला रास्त वाटतो. का, ते तपासायला उताणं झोपून एक पाय सरळ ठेवत स्वतःच्या जोरावर वर उचला. मग तोच पाय पट्ट्याने ओढून घ्या. पट्ट्याने पाय बराच पुढे येतो. या दोन उंचींमधल्या टप्प्यात सांधा जाऊ शकतो, पण तिथे स्नायूंचा ताबा नसतो. नुसत्या ताणाने हा ताबा नसलेला टप्पा वाढतच जातो.

‘ताकद कमावली की अंग ताठरतं’ असा आक्षेप इथे हमखास येतो. अर्धवट हालचालीत वजनं मारणाऱ्याच्या बाबतीत तो काही अंशी खरा असेलही. पण मल्लखांबपटूचं शरीर पाहिलं की हा आक्षेप टिकत नाही. आधीच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या एका आढाव्यातही सांध्यांची हालचाल वाढवण्यात ताकदीचे व्यायाम आणि ताणाचे व्यायाम यांच्यात ठळक फरक आढळला नाही. अट एवढीच, की स्नायूला त्याच्या लांबलेल्या अवस्थेत काम द्यायला हवं. पश्चिमोत्तानासनात गुडघे किंचित वाकवून टाचा पाच-सहा श्वास जमिनीत दाबल्या की हॅमस्ट्रिंग ताणलेल्या स्थितीतच आवळतात. सेतुबंधासनात पावलं नेहमीपेक्षा थोडी पुढे ठेवून कंबर अगदी सावकाश खाली आणली की तेच स्नायू लांबत लांबत भार पेलतात. ‘गुडघ्याच्या वाट्या वर खेचा’ ही वर्गात ऐकू येणारी सूचनाही पोकळ नाही. मांडीचा पुढचा स्नायू आवळला की मज्जारज्जू मागच्याला सैल पडायला सांगतो. १९३२ चं नोबेल मिळालेल्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी हे नातं उलगडून दाखवलं होतं.

या ज्ञानाची खरी गरज भासते ती दुखायला लागल्यावर. वर्षानुवर्षं फक्त ताण देणाऱ्यांना कधीकधी कुल्ल्याच्या तळाशी, बरोबर बैठकीच्या हाडावर दुखू लागतं. खुर्चीत फार वेळ बसवत नाही. जागा आखडली असेल म्हणून ते आणखी वाकतात. खोल वाकताना स्नायूची कंडरा त्याच हाडावर दाबली जाते, आणि आधीच चिडलेली कंडरा आणखी चिडते. अशा वेळी खोल ताण थांबवून बेताबेताने भार वाढवायचा असतो, आणि बरं व्हायला महिने लागू शकतात. ओढ पोटरीतून तळव्यापर्यंत झिणझिण्यांसारखी किंवा विजेसारखी उतरली, तर ती मज्जातंतूची ओढ समजून तिथेच मागे फिरावं.

आधीच्या पिढ्यांनी स्नायूंची नावंही न घेता योग केला, मग आता हे कशाला, असं विचारणाऱ्यांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. पण त्यांच्यासमोर गुरू असे, एकेकाच्या अंगकाठीकडे पाहणारा. शिवाय मांडी घालून जेवणं आणि उकिडवं बसून कामं उरकणं यात खुबे रोज फिरत. आज दिवस खुर्चीत जातो आणि आसनं मोबाइलच्या पडद्यावर पाहून होतात. गुरूची नजर नसेल तर तिची थोडी भरपाई स्वतःच्या समजुतीनेच करावी लागते. आणि शरीरशास्त्र योगाला परकं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं, उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. त्यांची योगावरची श्रद्धा त्यामुळे उणावली नाही. योग मनासाठी आहे, शरीराच्या कसरतीसाठी नाही, हेही मला मान्य आहे. म्हणून तर पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख यांचीच अपेक्षा ठेवली. पण थरथरणाऱ्या स्नायूवर स्थैर्य येत नाही आणि दुखऱ्या कंडरेवर सुख मिळत नाही.

बळ आणि ताण दोन्ही साधल्यावरही काही अडसर हाडांचेच राहतात. खुब्याची खोबण कुणाची खोल असते, कुणाची उथळ. मांडीच्या हाडाच्या मानेचा कोनही माणसागणिक बदलतो. पद्मासनात पाय वळतो तो खुब्यातून. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडणारा सांधा आहे, त्याला तेवढं पिळणं सोसत नाही. खुब्यात ओढ न जाणवता जांघेत चिमटल्यासारखं झालं, तर बहुधा हाडाला हाड भिडतं आहे, आणि तिथे पाय हाताने दाबून बसवला तर भुर्दंड गुडघ्याच्या कूर्चेला पडतो. अशा माणसाने खुशाल सुखासनात बसावं. प्राणायामाला तेवढी बैठक पुरते.