शेवटच्या कोऱ्या पानावरचं भांडण

आमच्या मुंबईतल्या घोडपदेवच्या चाळीत एक कादंबरी फिरायची. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली, गोष्ट सुरू व्हायची ती नवव्या पानावर, अर्ध्या वाक्यात. पाठ दाभणाने टोचून सुतळीने शिवलेली, वर खाकी कागद. बंगल्यात नवी नवरी येते, नवऱ्याच्या खोलीतलं एक कपाट कायम कुलूपबंद असतं, आणि रात्री कुणीतरी त्या कपाटाशी बोलत असतं. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस झोप सोडून वाचेल, अशी गोष्ट. लेखक कोण, प्रकाशक कोण, काही कळायला मार्ग नव्हता.

पण त्या पुस्तकाविषयी लोकांना काय वाटलं, ते मात्र नीट टिकलं होतं. शेवटी एक कोरं पान होतं आणि त्यावर पेन्सिलीने चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत चार मतं लिहिलेली होती. पहिलं: ‘प्रेम कमी करून खून वाढवायला हवे होते.’ त्याखाली दुसऱ्याचं: ‘खून कशाला? लग्न झालं तिथेच संपवायची.’ तिसरं अक्षर गोलसर, बहुतेक शाळकरी मुलीचं: ‘तिला सगळं आधीच कळलं होतं. पान 112 परत वाचा.’ चौथ्याने एवढंच लिहिलं होतं, ‘वेळ फुकट गेला.’ आणि त्याच अक्षरात खाली, ‘दुसऱ्यांदा वाचली.’

मी पान 112 परत वाचलं. नायिका कपाटाकडे ढुंकूनही बघत नाही, पण बोलता बोलता एक किल्ली पदराच्या टोकाला बांधते. एकच ओळ. पहिल्या वाचनात ती माझ्या नजरेतून साफ निसटली होती. त्या अनोळखी मुलीचं बरोबर होतं.

तेव्हापासून प्रेम आणि रहस्य एकत्र बांधणारी पुस्तकं मी वाचते, आणि त्यांच्यावर लोक काय म्हणतात तेही तितक्याच आवडीने ऐकते. अशा पुस्तकावर एकमत कधी होत नाही. निम्म्यांना प्रेमाची अडचण होते, निम्म्यांना खुनाची. त्या भांडणातून हाती लागलेल्या काही गमती इथे सांगते.

भांडण दीडशे वर्षांचं

मराठी कादंबरी अजून रांगत होती तेव्हाच तिने हा मसाला चाखला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली आली. नायक-नायिकेची ताटातूट, दुष्टांचे डाव, कैद, सुटका आणि शेवटी मीलन असा सगळा ऐवज. मग 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. वाचकांनी या पुस्तकांना डोक्यावर घेतलं. आणि 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून असल्या अद्भुत कादंबऱ्यांची झाडाझडती घेतली. म्हणजे आपल्याकडे कादंबरीची समीक्षा जन्मली तीच मुळी अशा पुस्तकांवरच्या तक्रारीतून. चाळीतल्या त्या कोऱ्या पानाची परंपरा केवढी जुनी आहे बघा.

हरिभाऊ आपटे म्हणजे वास्तववादी मराठी कादंबरीतलं मोठं नाव. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, 1885 सालची. तिचा आधार होता जॉर्ज रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनवरच्या रहस्यकथांचा! हा रेनॉल्ड्स विलायतेत पेनी-पेनीच्या साप्ताहिक हप्त्यांतून वाचला जायचा आणि इथे मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांनी त्याला मनमुराद मराठी कपडे चढवले.

अंथरुणावरून घोडदौड

त्या लेखकांतले एक नाथमाधव. खरं नाव द्वारकानाथ माधवराव पितळे, 1882 ते 1928. तरुणपणी शिकारीला गेले असताना ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. पडल्या पडल्या वाचनाचा नाद लागला आणि त्यातून लेखणी हातात आली. त्यांच्या ‘वीरधवल’ कादंबरीतली भुयारं, घोडदौडी, रात्रीच्या भेटी या सगळ्या एका जागी खिळलेल्या माणसाने रचलेल्या आहेत. हे कळल्यावर ‘वीरधवल’ पुन्हा वाचायला घेतली, तर प्रत्येक घोड्याची टाप वेगळीच ऐकू आली.

झुंजारला बायको हवी की नको?

हा आमच्या भागातला सगळ्यांत तापलेला वाद. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म 1906, मृत्यू 1996. टोपणनाव अर्नाळा गावावरून घेतलेलं. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पन्नास वर्षं धरली तरी अठराएक दिवसांना एक पुस्तक पडतं. काळापहाड हा नायक त्यांचा, धनंजय आणि छोटू ही जोडी त्यांची, आणि झुंजारही त्यांचाच.

झुंजारची गंमत अशी की तो एकटा शिलेदार नाही. त्याला विजया नावाची बायको आहे आणि ती घरात बसून वाट बघणारी नाही. संकटात उडी घेते, बोलते, अडवते, साथ देते. त्या काळातल्या रहस्यकथेत लग्न झालेला नायक म्हणजे धाडसच. एरवी नायकाचं लग्न झालं की गोष्ट संपते. इथे संसार चालू आणि पिस्तुलंही चालू.

यावर गोदीतून आणि गिरणीतून आलेल्या काकामंडळींचं म्हणणं ठाम असायचं: ‘मारामारीच्या मधे बाई आली की गोष्ट ढिली पडते.’ बायकांचं म्हणणं त्याहून ठाम. आमच्या मजल्यावरच्या एक मावशी दुपारी तांदूळ निवडताना आम्हा मुलींकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. विजया आली की सुपातला हात थांबायचा. ती पानं संपली की त्या म्हणायच्या, ‘आता पुढचं उद्या.’ झुंजार भले तळघरात कोंडलेला असो, त्यांना फिकीर नसायची. पुस्तक एकच होतं, पण काकांचं आणि मावशींचं वेगवेगळ्या पानांवर संपायचं.

माझं मत मावशींच्या बाजूने. जिवाला धोका तेव्हाच खरा वाटतो, जेव्हा त्या जिवाची वाट बघणारं कुणीतरी पानावर उभं असतं. विजया काढून टाका, झुंजारला गोळी लागली काय आणि न लागली काय.

मराठी कादंबरी ते बरेलीचा तिठा

आता सगळ्यांत लांबचा प्रवास. जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी. तिच्यावरून राजा परांजपे यांनी 1964 साली ‘पाठलाग’ हा चित्रपट केला. प्रमुख भूमिकांत भावना आणि काशिनाथ घाणेकर. वकिलाची लाडकी बायको त्याच्या डोळ्यांदेखत वारते, तो दुःखात बुडालेला असतो, आणि एक दिवस पोलिसांनी पकडलेली एक बाई भर कोर्टात सांगते की मीच याची बायको. चेहरा तोच. शिवाय नवरा-बायकोशिवाय कुणाला माहीत नसणाऱ्या गोष्टी तिला माहीत. वकील तिची उलटतपासणी घेतो, म्हणजे स्वतःच्याच संसाराची उलटतपासणी घेतो. प्रेम आणि रहस्य यांची याहून घट्ट गाठ मराठीत मला दुसरी दिसलेली नाही. कारण इथे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. ‘ही कोण?’ हा पोलिसांचा प्रश्न आणि ‘मी हिला ओळखत होतो का?’ हा नवऱ्याचा.

‘पाठलाग’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1965 साली त्यावरून तमिळमध्ये ‘इदय कमलम’ निघाला. 1966 साली राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला, साधना दुहेरी भूमिकेत. त्यातलं बरेलीच्या बाजारात झुमका हरवल्याचं गाणं देशभर गाजलं. आणि 2020 साली खुद्द बरेलीत महामार्गावरच्या तिठ्यावर चौदा फुटी झुमका उभा राहिला. उत्तर प्रदेशातल्या त्या झुमक्याचं मूळ शोधत मागे मागे गेलात, तर एका मराठी कादंबरीशी येऊन थांबाल. आमच्यापैकी कितीजणांना हे माहीत असेल?

1964 हे सालच असं होतं. ‘पाठलाग’ त्याच वर्षीचा, साधनाचा ‘वो कौन थी’ त्याच वर्षीचा आणि ‘कोहरा’ही त्याच वर्षीचा. तिन्हींत एक गूढ बाई आणि भांबावलेला संसार.

शेवटावरून मात्र ‘पाठलाग’चे प्रेक्षक आजही दोन बाजूंना बसतात. एक म्हणतात, उलगडा फार सोपा. दुसरे म्हणतात, उलगडा सोपा असू दे, नवऱ्याने आधी विश्वास ठेवायला हवा होता. पहिल्यांना कोडं सोडवायचं असतं, दुसऱ्यांना न्याय हवा असतो. मी दुसऱ्या बाकावर आहे. आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी शेवट इथे सांगणार नाही.

न सांगण्याची शिस्त

शेवट न सांगण्याची शपथ लंडनमध्येही घेतात. अगाथा ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’ हे नाटक 1952 साली रंगभूमीवर आलं आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आमच्या चाळीत विनंती वगैरे नव्हती. ज्याने शेवट फोडला त्याला पुढचं पुस्तक सगळ्यात शेवटी मिळायचं. एवढ्यावर सगळे सरळ राहायचे.

नाव नसलेली बायको, नाव असलेली मयत

मघाशी आलेला ‘कोहरा’ हा चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला ती दाफ्ने द्यू मोरिये यांची ‘रिबेका’, 1938 सालची. गोष्ट सांगणाऱ्या नायिकेचं नाव पुस्तकभर कुठेही येत नाही. जी मेली आहे, तिचं नाव मात्र मुखपृष्ठावर! ही प्रेमकथा म्हणून खपली, आजही खपते. लेखिकेच्या मते मात्र तिने मत्सराची गोष्ट लिहिली होती. म्हणजे या पुस्तकाबाबत वाचक आणि लेखिका यांचंच जमलं नाही. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा प्रेमकथा वाटली, लग्नानंतर वाचली तेव्हा अंगावर काटा आला.

आणि एक जुनी गंमत. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ 1859-60 मध्ये हप्त्याहप्त्याने छापली जात होती. लेखकाने नायिका म्हणून नाजूक, सुंदर लॉरा दिली. पण पुरुष वाचक प्रेमात पडले ते तिच्या सावत्र बहिणीच्या, मेरियनच्या. मेरियन दिसायला साधी, पण धीट, हुशार, पावसात छपरावर चढून कारस्थान ऐकणारी. ही खरी बाई कोण, असं विचारणारी पत्रं कॉलिन्सला आली. त्या पुस्तकाच्या नावाची अत्तरं आणि टोप्याही बाजारात निघाल्या.

‘सुशि’वाले

आमच्यानंतरच्या पोरांचा देव वेगळा होता. सुहास शिरवळकर, 1948 ते 2003. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास हे सगळे त्यांचे. रहस्यकथांतून नाव झालेल्या याच लेखकाने ‘दुनियादारी’ लिहिली आणि 2013 साली तिच्यावरचा चित्रपट तुफान चालला. समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही, कॉलेजातल्या पोरांनी मात्र पुस्तकं झोपताना उशाशी ठेवली. कुणी विचारलं, ‘सुशि’ प्रेम चांगलं लिहितात की रहस्य, की झालंच, चहा गार व्हायचा.

कपाटाची किल्ली

आमच्या त्या निनावी कादंबरीचं काय झालं? चाळ पाडायची ठरली, बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात गेली, आणि सामानाच्या गठ्ठ्यांत ती कुणाच्या हाती लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा रद्दीच्या काट्यावर गेली. वजन असेल पावशेर. तिच्याबरोबर ते कोरं पान गेलं, पान 112 गेलं आणि ‘दुसऱ्यांदा वाचली’ असं कबूल करणारं ते प्रामाणिक अक्षरही गेलं.

अर्नाळकरांची शेकडो पुस्तकं आज शोधूनही मिळत नाहीत. अशी पुस्तकं जपण्याच्या लायकीची नाहीत, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं म्हणून ती गेली. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, परळ इथल्या चाळींचे टॉवर होताहेत आणि दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या माळ्यावरून असा गठ्ठा खाली उतरतो आहे. तुमच्या घरचा उतरला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो सोडून बघा. सुतळीने शिवलेलं, पिवळं पडलेलं, झुंजारचं, काळापहाडचं किंवा नावच नसलेलं काही सापडलं, तर 1898 साली सुरू झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा जवळच्या वाचनालयात विचारा. आणि देण्यापूर्वी शेवटचं कोरं पान जरूर उलटा. तिथे पेन्सिलीने काही लिहिलेलं असलं, तर ते पुसू नका.