भोकाड, रेघोट्या आणि पहिली पाटी

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमारास महाड-पोलादपुरात पाऊस धरतो. नवा रेनकोट, ओले पाय, अनोळखी बाई आणि दारातून निघालेली आई, हे सगळं तीन-चार वर्षांच्या पोराच्या वाट्याला एकाच सकाळी येतं. ते भोकाड पसरतं. घरात लगेच निदान होतं: 'आजीनं लाडावून ठेवलंय' किंवा 'याला शाळा मानवायची नाही.'

दोन्ही चूक. या वयात आईपासून दूर होताना रडणं स्वाभाविक आहे आणि बहुतेक मुलांचं ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतं. काही मुलं तर पहिला आठवडा मजेत घालवून दुसऱ्या आठवड्यात सूर लावतात. हे रडणं अनेकदा लांबतं, कारण मोठी माणसं मुलाची नजर चुकवून सटकतात. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला 'दोन तासांत येते' याचा काही उपयोग नाही. 'खिचडी खाऊन झाली की येते' हे मात्र कळतं. अर्थात, म्हटल्याप्रमाणे यायलाच हवं. महिना उलटूनही मूल जेवत-झोपत नसेल, तर बाईंशी आणि डॉक्टरांशी बोलावं.

दुसरा समज अधिक पक्का आहे: रेघोट्या मारणं म्हणजे टाइमपास, 'अ आ इ' गिरवणं म्हणजे अभ्यास. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच असतात. तिसऱ्या वर्षी एक्स-रेत त्यांतली जेमतेम तीन-चार दिसतात आणि शेवटचं दिसायला नऊ ते बारा वर्षं लागतात. अशा हाताला चार रेघांच्या वहीत कोंबून काय मिळणार? त्या हाताला आधी चिखल हवा, पीठ हवं, चिंचोके हवेत. माती मळताना बोटांचे जे स्नायू तयार होतात, तेच पुढे पेन्सिल धरतात.

चित्रांनाही क्रम आहे. आधी नुसत्या रेघोट्या, तिसऱ्या वर्षाच्या आसपास बंद गोल, मग त्या गोलाला थेट दोन पाय फुटतात. हा माणूस! 'अरे, पोट कुठंय?' असं विचारून बाई स्वतः पोट काढून देतात आणि चित्र बाईंचं होतं. असे बिनपोटाचे, डोक्याला पाय जोडलेले माणूस जगभरची मुलं काढतात. 'हा काय करतोय?' एवढं विचारलं की मूल बोलत सुटतं. त्यातच 'काल मी रायगडावर वाघ पाह्यला' असंही येतं. त्याला थापाड्या ठरवायची घाई नको. चौथ्या वर्षी कल्पना आणि हकिकत एकमेकींत मिसळतातच.

'अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी' हा समज तर इतिहासालाच सोडून आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. वाडीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांच्या जागी खडे, पानं, बिया आल्या. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना ही साधनं आजही फुकट आहेत. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला, आणि शाळापूर्व शिक्षण हा तिचा सुरुवातीपासूनचा भाग आहे.

कातकरी वाडीतलं मूल वर्गात गप्प बसलं की 'मंद' हा शिक्का तयारच असतो. घरी ते कातकरी बोलीत भरभरून बोलतं. त्याला परकी आहे ती वर्गातली भाषा. बाईंना त्या बोलीतले दहा-वीस शब्द आले, तरी फरक पडतो.

राहिला 'एक वर्ष आधी घातलं तर एक वर्ष वाचतं' हा हिशेब. महाडमध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशासाठी धावपळ करणाऱ्या पालकांनी नियम पाहावा. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला वयाची सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. पहिल्यांदा घेतली तर दंड 25 हजारांपर्यंत, नंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत.